पेटी आणि पहारेकरी

१ ऑगस्ट २०१२, बुधवार. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी साडेनऊला उघडतो. हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत मुख्यालय असलेली नाइट कॅपिटल ही त्या काळातली अमेरिकेतली एक बडी शेअरदलाल कंपनी. किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची एक नवी योजना बाजारात त्याच दिवशी सुरू होणार होती आणि तिच्यासाठी कंपनीने आपल्या प्रणालीचा कोड बदलला होता. सर्व्हर होते आठ. आदल्या काही दिवसांत एका तंत्रज्ञाने नवा कोड सर्व्हरवर चढवला. सातांवर चढला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासून पाहावं, असा कंपनीत नियम नव्हता.

त्या आठव्या सर्व्हरवर २००३पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता. नव्या कोडने नेमकी त्याच जुन्या कोडची खूण स्वतःसाठी उचलली होती. साडेनऊला बाजार उघडला, ऑर्डरी आल्या, आणि आठव्या सर्व्हरवरचं भूत जागं झालं. ग्राहकांच्या ऑर्डरी होत्या अवघ्या २१२. त्यांच्या नावाखाली त्या सर्व्हरने लाखो ऑर्डरी बाजारात सोडल्या. पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाख व्यवहार झाले आणि ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर इकडचे तिकडे झाले. गोंधळात कुणीतरी ठरवलं, की दोष नव्या कोडचाच असणार. म्हणून तो बाकीच्या सात सर्व्हरवरून काढला गेला, आणि मग तेही सात आठव्यासारखेच वागू लागले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. वर्षभरात ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

अमेरिकी बाजार नियामकाच्या २०१३च्या आदेशात या प्रकरणाचा सगळा पंचनामा आहे. त्यातला एक तपशील मला कोट्यवधींच्या आकड्यांपेक्षा जास्त बोचतो. त्या सकाळी आठनंतर, म्हणजे बाजार उघडण्याच्या जवळजवळ दीड तास आधीपासून, कंपनीची यंत्रणा स्वतःच आपल्या माणसांना ई-मेल पाठवत होती. काहीतरी बिनसलंय, असं त्यात लिहिलेलं होतं. साडेनऊपर्यंत असे ९७ ई-मेल गेले. ते इशारा म्हणून पाठवायचे असं कुणी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे वाचायचे असंही कुणी ठरवलं नव्हतं.

आठ यंत्रं एकसारखी का नव्हती? आणि सत्त्याण्णव वेळा हाक मारूनही कुणाला ऐकू का आली नाही? त्या बुधवारनंतरच्या सहा वर्षांत संगणकाच्या दुनियेने पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी शोधून काढलं. त्याला आज आपण कंटेनर म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अर्धंच सापडलं. ही त्या सहा वर्षांची हकिगत.

चाळीतली खोली

कंटेनर हा शब्द अलीकडे कानावर पडू लागला, पण प्रोग्रामला कोंडून ठेवण्याची खटपट जुनी आहे. १९७९मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सातवी आवृत्ती तयार होत असताना तिच्यात 'चेंज रूट' नावाची सोय आली. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं, की हा फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग, याच्या बाहेर काही नाहीच. १९८२मध्ये बिल जॉय यांनी ही सोय बर्कलेच्या युनिक्समध्ये आणली. पण ही भिंत नव्हती, पडदा होता. फायली दिसेनाशा व्हायच्या, पण शेजारी काय काय चाललंय ते कळायचं आणि नेटवर्क सगळ्यांचं एकच असायचं.

भिंत बांधली ती डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग कॅम्प यांनी. वेबसाइट भाड्याने ठेवण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. एकाच यंत्रावर दहा गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाला वाटे की मालकीच्या सगळ्या किल्ल्या आपल्याच हाती हव्यात. अशाच एका कंपनीसाठी कॅम्प यांनी ते काम केलं आणि मार्च २०००मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चौथ्या आवृत्तीत 'जेल' आलं. नाव सरळ होतं. आतला माणूस आपल्या कोठडीचा राजा, कोठडीबाहेर त्याला काडीची सत्ता नाही.

लिनक्समध्ये ही कोठडी एकदम आली नाही, दोन तुकड्यांनी आली. पहिला तुकडा नेमस्पेस. प्रोग्रामला काय दिसावं, हे तो ठरवतो. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्याची सुरुवात २००२मध्ये झाली आणि पुढची दहा वर्षं त्यात एकेक भर पडत गेली. दुसरा तुकडा प्रोग्रामला किती मिळावं, हे ठरवतो. गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी २००६मध्ये त्यावर काम सुरू केलं. आधी त्याला 'प्रोसेस कंटेनर्स' म्हणत. पण कंटेनर शब्दाचे कर्नलमध्ये आधीच इतके अर्थ झाले होते, की नाव बदलून 'कंट्रोल ग्रुप' करावं लागलं. सगळे त्याला सीग्रुप म्हणतात. जानेवारी २००८च्या लिनक्स कर्नलमध्ये तो दाखल झाला.

ज्याने चाळ पाहिली आहे त्याला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या काळी सर्रास वापरलं जाणारं व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला. पाया वेगळा, टाकी वेगळी, आवार वेगळं. एका यंत्रात चार बंगले बसवायचे, तर चार वेळा पाया खणा, म्हणजे चार अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिम चढवा. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. पाया एक, जिना एक, टाकी एक, पण दार आपलं आणि कुलूप आपलं. ती भिंत नेमस्पेसची. शेजाऱ्याने रात्रभर नळ सोडून ठेवला, तर आपल्या वाट्याला पाणी उरावं म्हणून प्रत्येक खोलीच्या नळाला लावलेला मीटर म्हणजे सीग्रुप. बंगला बांधायला वेळ लागतो, खोली उघडायला क्षणभर पुरतो. आणि चाळीचा धोकाही खोलीला चिकटून येतो. पाया खचला, की सगळ्यांचाच खचतो.

२००८पर्यंत भिंत आली, मीटर आला. पण राहायला कुणी येईना. हे दोन तुकडे जुळवून खोली उभी करणं हे कर्नलचं पोट जाणणाऱ्या मोजक्या लोकांचं काम होतं.

पाच मिनिटं

१५ मार्च २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सँटा क्लारा इथे पायथॉन भाषेच्या प्रोग्रामरांची वार्षिक परिषद चालू होती. अशा परिषदांत पाच-पाच मिनिटांच्या झटपट भाषणांचं एक सत्र असतं. त्यात फ्रान्समध्ये वाढलेला सोलोमन हाइक्स नावाचा तरुण उभा राहिला. त्याची डॉटक्लाउड ही कंपनी दुसऱ्यांचे प्रोग्राम आपल्या यंत्रांवर चालवून द्यायची. धंदा बेताचाच होता. पण तो चालवण्यासाठी त्यांनी घरातल्या घरात एक हत्यार बनवलं होतं, आणि तेच हाइक्सने त्या पाच मिनिटांत दाखवलं. एक आज्ञा दिली, कंटेनर उभा राहिला, त्याने 'हॅलो वर्ल्ड' म्हटलं, आणि खेळ संपला.

हत्याराचं नाव डॉकर. इंग्रजीत डॉकर म्हणजे आपला गोदी कामगार. त्या हत्याराच्या चिन्हात पाठीवर पेट्या रचलेला देवमासा आहे. ही उपमा नुसती शोभेची नव्हती. २६ एप्रिल १९५६ रोजी मॅल्कम मॅक्लीन या मालवाहतूकदाराचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं, तिथून आधुनिक कंटेनरवाहतुकीचा जमाना सुरू झाला असं मानतात. पेटीत कापूस आहे की काचेची भांडी, याच्याशी क्रेनवाल्याला देणंघेणं नाही. पेटीचे कोपरे ठरलेल्या मापाचे असले की झालं. पनवेल-उरण रस्त्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला, १९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यापासून या पेट्यांनी आपला किनारा कसा बदलला, ते वेगळं सांगायला नको. पेटी आली आणि पोतं पाठीवर घेणारा गोदी कामगार जगभरच्या बंदरांतून हटत गेला. सॉफ्टवेअरमधल्या पेटीला त्याचंच नाव मिळालं, हा नियतीचा विनोद म्हणायचा.

डॉकरने नवी भिंत बांधली नाही. नेमस्पेस आणि सीग्रुप तेच होते. सुरुवातीला तर त्यासाठी त्याने एलएक्ससी हे आधीचं साधन वापरलं, आणि मार्च २०१४मध्ये स्वतःचं आणलं. त्याची खरी करामत पेटी भरण्याच्या पद्धतीत होती. एका साध्या फायलीत पाककृतीसारख्या ओळी लिहायच्या. पहिली ओळ सांगते की कोणत्या तयार पायावर उभं राहायचं, दुसरी सांगते कोणती अवजारं बसवायची, तिसरी आपला कोड आत ठेवते, शेवटची सांगते की दार उघडलं की काय चालू करायचं. प्रत्येक ओळीचा एक थर बनतो आणि थरावर थर रचून 'इमेज' तयार होते. कोडमध्ये काना-मात्रेचा फरक केला, तर कोडचा थर आणि त्यावरचे थर नव्याने बनतात, खालचे तसेच राहतात. पुढे प्रत्येक इमेजला तिच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा मिळाला. आत एक अक्षर जरी वेगळं असेल, तरी ठसा वेगळा.

'माझ्याकडे तर चालतंय!' हे प्रोग्रामरचं पेटंट उत्तर. कारण त्याच्या लॅपटॉपवर जे असतं ते सर्व्हरवर नसतं. आता लॅपटॉपच पेटीत बंद करून पाठवल्यासारखं झालं. आणि नाइट कॅपिटलच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आठ सर्व्हरवर एकाच ठशाची इमेज चालते आहे की नाही, हे पाहायला तंत्रज्ञाची आठवण लागत नाही. ठसे जुळवून पाहिले की आठवा उघडा पडतो.

बातमी वणव्यासारखी पसरली. ऑक्टोबर २०१३मध्ये कंपनीने स्वतःचंच नाव डॉकर केलं आणि जून २०१४मध्ये पहिली पक्की आवृत्ती बाहेर काढली.

सुकाणू गूगलचं

पेटी सोपी झाली आणि नवाच पेच पडला. दहा पेट्या हाताने मांडता येतात. दहा हजार कोण मांडणार? एखादं यंत्र मध्यरात्री बंद पडलं, तर त्यावरच्या पेट्या कुठे हलवायच्या हे कोण ठरवणार?

याचं उत्तर एका कंपनीकडे दहा वर्षांपासून तयार होतं, पण ती बोलत नव्हती. मे २०१४मध्ये गूगलच्या जो बेडा यांनी एका परिषदेत सांगून टाकलं, की गूगलमध्ये सगळं काही कंटेनरमध्येच चालतं आणि आठवड्याला २०० कोटींहून अधिक कंटेनर सुरू होतात. हा गाडा हाकणाऱ्या प्रणालीचं नाव बोर्ग. २०१५मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलं होतं, की एखादं काम सुरू व्हायला सर्वसाधारणपणे २५ सेकंद लागतात आणि त्यातला ८० टक्के वेळ यंत्रावर सामान उतरवण्यात जातो. त्याच निबंधात जाता जाता एक गोष्ट येते. बोर्गखाली चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कामाच्या पोटात एक छोटा वेब सर्व्हर असतो आणि तो स्वतःच्या तब्येतीचे हजारो आकडे कुणीही विचारलं की सांगतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, बर्लिनमध्ये ती पुन्हा भेटणार आहे.

बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅक्लकी या गूगलमधल्या तिघांनी बोर्गची शिकवण घेऊन, पण नव्याने लिहून, सगळ्यांसाठी खुली प्रणाली बनवण्याचा आग्रह धरला. भाड्याने यंत्रं देण्याच्या धंद्यात अॅमेझॉन खूप पुढे होतं. कोणत्याही कंपनीच्या यंत्रांवर सारखीच चालणारी प्रणाली लोकप्रिय झाली, तर मागून आलेल्या गूगलला जागा मिळणार होती. १० जून २०१४ रोजी गूगलच्या एरिक ब्रूअर यांनी डॉकरच्याच परिषदेत तिची घोषणा केली. नाव कुबरनेटिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, आपल्या कोकणी गलबतावरचा तांडेल म्हणा.

कुबरनेटिसला 'हे कर, मग ते कर' असं सांगायचं नसतं. 'या सेवेच्या पाच पेट्या चालू हव्यात' एवढंच लिहून द्यायचं. तो सतत मोजत राहतो. चार दिसल्या तर एक उभी करतो, सहा दिसल्या तर एक विझवतो. जेवायला बसलेल्यांच्या पानांत पाहत वाढप्याने पंगतीत फिरावं तसं. कुणी मागायची वाट पाहायची नाही, पान रिकामं दिसलं की वाढायचं.

याच सुमारास सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांमध्ये एक दृष्टान्त फिरू लागला. जुने सर्व्हर म्हणजे पाळीव कुत्री-मांजरं. त्यांना नाव असतं, आजारी पडली की आपण औषधपाणी करतो. नवे सर्व्हर म्हणजे गुरं. त्यांना नुसते नंबर, एक गेलं की दुसरं. ज्या मुलखात पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात, त्यांच्या गळ्यात माळा घालतात आणि प्रत्येक बैलाला नावाने हाक मारतात, तिथे हा दृष्टान्त उलटाच लागतो. मुद्दा मात्र खरा होता. यंत्राचं मरण ही आता रोजची बाब झाली. आणि इथेच जुनी राखण कोलमडली.

मीटर रीडिंगवाला

१९९९मध्ये आलेलं आणि पुढे नागिओस या नावाने गाजलेलं साधन कित्येक वर्षं सर्व्हरची राखण करत आलं होतं. त्याला यंत्रांची यादी लिहून द्यायची. ते ठरावीक वेळाने प्रत्येकाचं दार ठोठावायचं आणि उत्तर आलं नाही की बोंब ठोकायचं. यादी महिनोन्महिने बदलत नसे तोवर हे ठीक होतं. पण पेट्या मिनिटामिनिटाला जन्मतात आणि मरतात. सकाळी लिहिलेली यादी दुपारी खोटी ठरते, आणि प्रत्येक मरणावर बोंब ठोकली तर बोंबेशिवाय दुसरं काही ऐकूच येणार नाही.

हा पेच सर्वांत आधी ज्यांच्या अंगावर आला त्यांच्यात बर्लिनची साउंडक्लाउड होती. संगीत चढवायची आणि ऐकायची ही सेवा. डॉकर जन्मण्याआधीच त्यांनी स्वतःपुरती पेट्या मांडणारी प्रणाली बनवली होती. तिचं नाव बझूका. एका मोठ्या प्रोग्रामचे शेकडो लहान तुकडे झाले होते आणि त्यांच्या हजारो प्रती धावत होत्या. ग्राफाइट आणि स्टॅट्सडी ही त्यांची मोजमापाची साधनं या भाराखाली वाकली. २०१२मध्ये मॅट प्राउड आणि ज्यूलियस फोल्झ हे दोघं तिथे आले. दोघेही गूगलमधून आलेले. बोर्गची राखण करणारी बोर्गमॉन नावाची प्रणाली त्यांनी आतून पाहिलेली होती आणि बाहेर तसं काही नव्हतं. सुरुवातीला फावल्या वेळात, मग अधिकृतपणे, त्यांनी नवी प्रणाली लिहायला घेतली. तिचं नाव प्रोमिथियस.

तिची रीत समजायला आपला वीज मंडळाचा मीटर रीडिंगवाला डोळ्यांपुढे आणावा. ग्राफाइट-स्टॅट्सडीच्या पद्धतीत प्रत्येक घराने आपापलं रीडिंग पोस्टाने पाठवायचं. एखाद्या घराचं पत्र आलं नाही, तर घरात माणूस नाही, की वीज वापरली नाही, की पत्रच हरवलं, हे कळायला मार्ग नाही. प्रोमिथियस स्वतः घरोघर फिरतो. दर पंधरा सेकंदांनी म्हणा, तो प्रत्येक पेटीच्या दाराशी जातो आणि तिने लावलेला आकड्यांचा कागद वाचून घेतो. बोर्गच्या निबंधातला पोटातला छोटा वेब सर्व्हर तो हाच. दार उघडलं नाही, तर 'घर बंद' ही नोंदसुद्धा एक आकडा म्हणूनच वहीत चढते, एकऐवजी शून्य.

तो कागद साध्या मजकुराचा असतो, कुणीही डोळ्यांनी वाचावा असा. एका ओळीत नाव असतं, 'आलेल्या एकूण विनंत्या'. पुढे कंसात चिकटवलेल्या चिठ्ठ्या: सेवा अमुक, उत्तराचा प्रकार ५००, म्हणजे सर्व्हरचीच चूक. आणि शेवटी आकडा, समजा ३. पुढच्या फेरीला तो ७ दिसला, तर पंधरा सेकंदांत चार विनंत्या फसल्या. वीज मीटरसारखा हा आकडा फक्त चढतो. खप काढायचा तर दोन रीडिंगची वजाबाकी. पेटी मरून नवी आली की आकडा शून्यापासून सुरू होतो, आणि हेही प्रोमिथियस हिशेबात धरतो, जसं नवं मीटर बसवल्यावर रीडिंगवाला धरतो.

खरी ताकद चिठ्ठ्यांमध्ये होती. पेटी क्रमांक ४१७ची तब्येत कशी आहे, हे कुणी विचारायचंच नाही. 'गेल्या पाच मिनिटांत, सगळ्या पेट्या मिळून, पैसे भरण्याच्या सेवेत शंभरातल्या किती विनंत्या फसल्या?' असं विचारायचं. पेट्या कितीही मेल्या आणि जन्मल्या, तरी हा प्रश्न शिळा होत नाही. आणि रोज बदलणारी यादी? ती ज्याच्याकडे असते त्याच्याकडूनच घ्यायची. पुढे तो यादीवाला बहुतेक ठिकाणी कुबरनेटिस झाला. एक बर्लिनमध्ये लिहिलेला, दुसरा अमेरिकेत, आणि दोघांची घडण एकाच गूगलच्या तालमीतली, म्हणून त्यांची कुस्ती झाली नाही, जोडी जमली.

जानेवारी २०१५मध्ये साउंडक्लाउडने प्रोमिथियसची जाहीर ओळख करून दिली. त्याच्या वर्षभर आधी स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांनी ग्राफाना नावाचं आलेख काढणारं साधन सोडलं होतं. आकडे प्रोमिथियसचे आणि चित्रं ग्राफानाची, ही जोडगोळी तेव्हापासून जगभरच्या कार्यालयांतल्या भिंतींवरच्या पडद्यांवर दिसते आहे.

तह

मधल्या काळात पेट्यांच्या मालकीवरून रणधुमाळी झाली. डिसेंबर २०१४मध्ये कोअरओएस कंपनीने डॉकरवर नाराज होऊन स्वतःची वेगळी पेटी जाहीर केली. दोन मापांच्या पेट्या झाल्या असत्या, तर मॅक्लीनच्या आधीचे दिवस परत आले असते. जून २०१५मध्ये सगळे एका टेबलाशी बसले आणि पेटीचं माप ठरवणारी सामाईक संस्था स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात कुबरनेटिसची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि गूगलने तो प्रकल्प 'क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन' या नव्या संस्थेला देऊ केला. मे २०१६मध्ये त्या संस्थेत दाखल झालेला दुसरा प्रकल्प होता प्रोमिथियस. पेटीच्या मागोमाग पहारेकरी आत आला, हे योग्यच झालं.

सुकाणूसाठीही कुबरनेटिसला स्पर्धक होते: डॉकरचा स्वतःचा 'स्वार्म' होता, बर्कले विद्यापीठातून आलेला 'मेसॉस' होता. ऑक्टोबर २०१७मध्ये कोपनहेगनला डॉकरने जाहीर केलं, की आम्हीही आता कुबरनेटिस चालवू. नोव्हेंबरअखेर अॅमेझॉननेही कुबरनेटिसची सेवा जाहीर केली, आणि लढाई संपली. मार्च २०१८मध्ये कुबरनेटिस त्या संस्थेतून 'पदवीधर' होणारा, म्हणजे पुरता परिपक्व मानला गेलेला, पहिला प्रकल्प ठरला, ऑगस्टमध्ये प्रोमिथियस दुसरा. ज्याने दार उघडलं त्या डॉकर कंपनीने नोव्हेंबर २०१९मध्ये आपला मोठ्या कंपन्यांसाठीचा धंदा दुसऱ्या कंपनीला विकला. २०२२मध्ये कुबरनेटिसने डॉकरशी थेट जोडणारा आपल्यातला दुवाही काढून टाकला. डॉकरने बनवलेल्या इमेज मात्र आजही तशाच चालतात, कारण पेटीचं माप सगळ्यांचं झालं होतं.

पहारेकऱ्याला चकवणारे

मग सत्त्याण्णव हाका ऐकू न येण्याचा तो दुसरा प्रश्न सुटला का? फेब्रुवारी २०१८मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने एक प्रकरण उजेडात आणलं. टेस्ला कंपनीचा कुबरनेटिसचा कारभार पाहण्याचा एक पडदा इंटरनेटवर पासवर्डविना उघडा होता. चोर आत शिरले आणि कंपनीच्या यंत्रांवर त्यांनी आभासी चलन खणायला सुरुवात केली. त्यांनी हावरटपणा केला नाही. प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवला, म्हणजे आलेखात उंचवटा दिसू नये. आलेखांवर कुणाची तरी नजर असते हे ते धरूनच चालले होते. जिथून राखण करायची, तीच खिडकी चोरवाट झाली होती.

दुसरा प्रसंग आपल्या अगदी घरचा. १० जुलै २०१९, मँचेस्टर. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध धोनी आणि जडेजा लढत होते, आणि मुंबईच्या हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना पाहत होते. गप्टिलच्या थेट फेकीने धोनी धावबाद झाला आणि आकडा बघता बघता दहा लाखांच्याही खाली आला. लोक गेले म्हणजे भार उतरला, असं कुणालाही वाटेल. हॉटस्टारच्या अभियंत्यांनी नंतर जाहीर भाषणात सांगितलं ते उलट होतं. सामना बंद करणारा माणूस मागे जाण्याचं बटण दाबतो आणि मुखपृष्ठावर येतो. सामन्याचा भार ओसरला, पण मुखपृष्ठाच्या सेवांवर लोंढा आदळला. म्हणून ते प्रोसेसर किती तापला याच्या भरवशावर राहत नसत. प्रेक्षकांची संख्या आणि येणाऱ्या विनंत्या पाहून आधीच जादा यंत्रं उभी करून ठेवत. हॉटस्टार पुढे कुबरनेटिसवर गेलं. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला तिथे एका वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. सामना आपण हरलो, पण प्रक्षेपण तगलं.

हे दोन्ही प्रसंग एकच गोष्ट सांगतात. कोणता आकडा पाहायचा, हे ठरवायला आपला धंदा आणि आपली माणसं ओळखावी लागतात. प्रोमिथियस लाखो आकडे गोळा करून देतो. त्यातला कोणता आकडा रात्री तीनला माणसाला उठवण्याच्या लायकीचा, हे तो सांगत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६मध्ये आपल्या कार्यपद्धतीवर पुस्तक काढलं. त्यात त्यांनी चारच गोष्टींवर नजर ठेवायला सांगितलं: उत्तराला लागणारा वेळ, येणारी वर्दळ, चुकांचं प्रमाण आणि यंत्रं किती भरत आली आहेत. त्याला त्यांनी एक अट जोडली. ज्या इशाऱ्यावर माणसाने काहीच करायचं नसेल, तो इशारा माणसाला पाठवूच नये. तंत्रज्ञान बदललं तरी या अटीला पर्याय सापडलेला नाही.

तुम्ही या क्षेत्रात असाल, तर आज एक काम करा. गेल्या आठवड्यात तुमच्या यंत्रणेने तुम्हाला किती इशारे पाठवले ते मोजा, आणि त्यातले किती न वाचताच मिटवले तेही मोजा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ जात असेल, तर तुमच्या पेट्या कितीही एकसारख्या असोत, तुमच्याकडची राखण १ ऑगस्ट २०१२च्या सकाळपाशीच थांबलेली आहे. नको असलेले इशारे आजच बंद करा आणि उरलेल्या प्रत्येकापुढे तो वाचणाऱ्या माणसाचं नाव लिहा.